ऐकणारीचा हक्क

(८ मार्चच्या निमित्तानं औंढा नागनाथ इथं झालेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले काही दुवे लिहिताना भरले आहेत.)



मेळाव्यात आपण दारूबद्दल बोलतो, हुंड्याबद्दल, रेशनबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण या वेळी संयोजक बायांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, मला आपल्या आवडीच्या गाणाऱ्यांबद्दल बोलायचंय. ज्या गायन पार्टीचा आवाज आला की अजूनही तव्यावरची भाकर करपते, ज्या भजनी मंडळाचा एकही सप्ताह आपण वीस-वीस वर्षं चुकवला नाही, जी गायिका चार शेतं पलीकडच्या लाउडस्पीकरवर गात असली तरी आपण पहिल्या ओळीला ओळखतो, त्यांच्याबद्दल. हे ऐकून दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "ताई, हा काय बायांचा प्रश्न आहे का?"

आहे. आणि तो कसा आहे, तेवढंच मला आज सांगायचंय.

शहरातल्या पोरापोरींचे आवडते 'बँड' असतात. आपल्याकडे बँड म्हटलं की लग्नातला, घोड्यापुढचा. पण आपल्याकडेही चार-सहा जणांनी मिळून गाणारे, वाजवणारे ताफे कमी नाहीत. भीमजयंतीला येणारी गायन पार्टी आहे, सप्त्यातलं भजनी मंडळ आहे, उरुसातले कव्वाल आहेत, जत्रेतला तमाशाचा फड आहे. आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं जीव लावणाऱ्या बाया आहेत. त्या कुठल्या यादीत नसतात. पोस्टरवर गायकाचं नाव असतं, ढोलकीवाल्याचं असतं, वर्गणी देणाऱ्यांचे तर फोटोच असतात. ऐकणारीचं नाव कुठंच नसतं. तिच्याशिवाय मात्र गाणं पुऱ्या घरात शिरत नाही.

आपण बसलोय ते गाव तर ऐकण्याच्या गोष्टीसाठीच प्रसिद्ध आहे. नामदेव महाराज इथं नागनाथाच्या देवळापुढं कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. देवळाच्या मागच्या अंगाला असलेला नंदी लोक त्याची खूण म्हणून दाखवतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत. देऊळ फिरल्याची गोष्ट त्यांतही येते, आणि जातीमुळं उठवून दिल्याचं दुःखही येते. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांनी ती सातशे वर्षं सांभाळली, त्यांना काय म्हणायचं होतं ते बघा. पुढं बसायचा मान कुणाचा हे पुजाऱ्यांनी ठरवलं होतं. पण देवालाही गाणं ऐकावंसं वाटलं, आणि त्यानं पाठ फिरवून बसायचं नाकारलं. सगळ्या कथेत सगळ्यात मोठं काम ऐकणाऱ्यानं केलंय.

आता इथून फार लांब नाही, त्या गंगाखेडच्या जनाबाईकडं या. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला लागली. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या, पाणी, सगळं तिच्याकडं. त्या घरात रोज अभंग व्हायचे आणि ती काम करता करता ऐकायची. एक दिवस नाही, एक महिना नाही, आयुष्यभर. नुसती ऐकता ऐकता ती स्वतः रचू लागली. आज आपण तिला संत म्हणतो, कवयित्री म्हणतो. पण त्याच्या आधी ती काय होती? एका गाणाऱ्या घरातली सगळ्यात पक्की ऐकणारी होती. अभंगात तिनं स्वतःला नामयाची दासी म्हणवलं. दासीपण त्या काळानं दिलं, पण कान तिचे स्वतःचे होते.

दुसरी गोष्ट बहिणाबाईंची. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई. याही आपल्या मराठवाड्याच्याच, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगावच्या. लहान वयात तिशीतल्या बिजवराशी त्यांचं लग्न लागलं. घरचे फिरत फिरत कोल्हापूरला गेले. तिथं जयरामस्वामींची कीर्तनं होत आणि त्यांत तुकारामांचे अभंग कानावर पडत. मुलगी जेमतेम अकरा वर्षांची. कीर्तनाला जाऊ लागली, लोकांत तिची चर्चा होऊ लागली, तर नवऱ्यानं तिला बांधून मारलं. हे त्यांनी स्वतःच अभंगांतून लिहून ठेवलंय. मराठीतलं बाईनं लिहिलेलं पहिलं आत्मचरित्र म्हणतात ते हेच. न पाहिलेल्या तुकारामांचा ध्यास त्यांना लागला होता. तुकाराम शूद्र, ही ब्राह्मणाची बायको, म्हणून नवऱ्याचा संताप आणखी वाढला. तरी बाईनं ध्यास सोडला नाही. शेवटी सगळं कुटुंब देहूला गेलं.

हे मी पुराण म्हणून सांगत नाही. एक बाई एका गाणाऱ्याचं गाणं ऐकायला जाते म्हणून मार खाते, ही घटना साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. आणि ज्या समुपदेशन केंद्रात मी काम करते, तिथल्या रजिस्टरमध्येही ती आहे. रजिस्टरला एक रकाना असतो, 'वादाचे कारण'. त्यात दारू येते, पैसा येतो, संशय येतो. आणि अधूनमधून येतं: 'रात्री कार्यक्रमाला गेली.'

त्यातली एक बाई मी विसरू शकत नाही. चाळिशी ओलांडलेली, पाच एकरांत राबणारी. ओळख पटू नये म्हणून बाकीचं सांगत नाही. तिच्या साध्या मोबाइलमध्ये एक मेमरी कार्ड होतं. मोबाइलच्या दुकानात तीस रुपये देऊन ती त्यात गाणी भरून आणायची. एकाच गायन पार्टीची गाणी, माहेरी असल्यापासूनची. निंदताना, कापूस वेचताना कमरेला मोबाइल खोचून ऐकायची. एका रात्री दोन गल्ल्या सोडून तीच पार्टी आली आणि ती ऐकायला गेली. परत आली तर नवऱ्यानं मारलं, आणि दातानं चावून ते कार्ड मोडलं. केंद्रात आली तेव्हा तिच्या हाताला सूज होती. मी त्याबद्दल विचारत होते, तर ती म्हणाली, "मार भरून निघंल ताई. त्या कार्डातली गाणी आता कुठून आणू?"

आम्ही अर्जात कार्डाचं लिहिलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा फक्त हाणामारीचा नाही. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ आहे, आर्थिक छळ आहे. बाईची जीव लावलेली वस्तू तिला दुखवायला मोडणं हा छळच आहे, मग ती वस्तू तीस रुपयांची का असेना. लिहून घेणारा म्हणाला, "मॅडम, हे किरकोळ आहे." किरकोळ कुणासाठी, हा आपला प्रश्न आहे.

आपली भाषाही बघा. पुरुषाला गाण्याची आवड असली की तो रसिक, दर्दी, शौकीन. रात्र जागवून सकाळी लाल डोळ्यांनी चहा पीत बसला तरी लोक कौतुकानं म्हणतात, माणूस गाण्यातला आहे. बाईला तीच आवड असली की तिला नाद लागला, थेरं सुचली, घरात लक्ष नाही. 'नाद' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे सूर, दुसरा म्हणजे व्यसन. पुरुषाच्या वाट्याला सूर आला आणि आपल्या वाट्याला व्यसन.

माझं स्वतःचं सांगते. मी भीमगीतांच्या घरात वाढले. आमच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेटचा एक पत्र्याचा डबा. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि वामनदादा कर्डकांची गाणी गाणाऱ्या कितीतरी पार्ट्या. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, हे काम माझं. मी दोनशे पानी वहीत गाणी उतरवून घ्यायचे. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, लिहायचं, पुन्हा मागं घ्यायचं. माझं शुद्धलेखन शाळेत कमी आणि त्या वहीत जास्त सुधारलं. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. सव्वा महिन्यात दोघं. त्या वर्षी मी त्या वहीला नवं कव्हर घातलं, एवढंच मला करता येत होतं.

त्या गाण्यांनी मला काय दिलं? हक्क हा शब्द दिला. समाजकार्याची पदवी घेताना 'जाणीव-जागृती' म्हणून जे शिकवलं, ते मी आठ वर्षांची असताना ढोलकीवर ऐकलं होतं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव हेच केलं. वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ गाण्यानं पोचवली. त्या जलशांत बाईचं पात्रही पुरुषच करायचे, बाया फक्त ऐकायला. पण ऐकणाऱ्या बायांनी ते घरी नेलं. त्याचा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी हजाराहून जास्त गावांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्या आहेत, आणि १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्याही आहेत. सभेत, जलशात जे ऐकलं ते बायांनी जात्यावर स्वतःच्या शब्दांत पुन्हा रचलं. जनाबाईनं जे केलं, तेच.

आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला झाला आणि नामांतर व्हायला १९९४ उजाडलं. सोळा वर्षं. घरं जळाली, माणसं मारली गेली. त्या सोळा वर्षांत कार्यकर्ते बदलले, पुढारी फुटले, आघाड्या मोडल्या. गाणी मात्र राहिली, कारण ती म्हणणारे आणि ऐकणारे राहिले. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी हे फार गंभीरपणे मांडलं. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि कॅसेट म्हणजे करमणुकीचा कचरा नव्हे, तर दलित समाजाचं ज्ञान त्यांतून पुढं जातं, हे त्यांनी विद्यापीठाला ऐकवलं.

म्हणून मी म्हणते, एखाद्या गाणाऱ्यावर वर्षानुवर्षं जीव लावणं हे वेळ घालवणं नाही. बाईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी वाटून दिलेलं असतं. माहेर बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर नावही बदलतात. देव बदलतात, भाजीची चव बदलते. या सगळ्यात जी आवड लग्नाच्या आधीही होती आणि नंतरही राहिली, ती कुणी दिलेली नसते. ती तिची असते. चाळिशीतल्या बाईला विचारा, "तुझं स्वतःचं काय?" ती गप्प बसते. मग विचारा, "तुझं आवडतं गाणं कुठलं?" ती लगेच सांगते, आणि तिचा चेहरा बदलतो. हा प्रयोग मी बऱ्याच बैठकांत केलाय.

आता अडचणीचं बोलू. पहिली अडचण वेळेची. पूर्वी कार्यक्रम रात्रभर चालायचे. उशिरा गेलं तरी पहाटेपर्यंत काहीतरी पदरात पडायचं. आता ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. नियम चांगलाच आहे, म्हाताऱ्यांना, लेकरांना, आजाऱ्यांना झोप पाहिजे. पण आपला हिशेब काय? शेतातून यायला सात, चूल पेटायला साडेसात, जेवणं नऊला, खरकटं आवरून भांडी घासून दहा. म्हणजे आपण पदराला हात पुसून बाहेर पडावं आणि तिकडं समारोप व्हावा. पोस्टरवर 'माता-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' असं छापायचं आणि वेळ अशी ठेवायची!

दुसरी अडचण जागेची. बाया कुठं बसतात? बाजूला, मागं, जिथं उजेड पोचत नाही, जिथून स्टेजचा फक्त खांब दिसतो. लघवीला जायची सोय नसते म्हणून दुपारपासून पाणी न पिता येणाऱ्या बाया मी पाहिल्यात. मागं अंधारात बसलं की टारगट पोरांचा त्रास, आणि त्रास झाला की घरचे म्हणणार, "मग जायचंच कशाला?" म्हणजे दोष त्रास देणाऱ्याचा आणि शिक्षा ऐकणारीला.

तिसरी अडचण गाणाऱ्या बाईची. तिच्याशिवाय हे बोलणं पुरं होत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. महाराष्ट्रानं त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटलं. भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपल्याला माहीत असते. ती मोठ्या अभिमानानं सांगतात. मला अभिमानापेक्षा राग जास्त येतो. कुठली गरज बाईला असं उभं करते? १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली होती. तंबू भरभरून टाळ्या देणारे हजारो होते, पण त्या तंबूत आपण बाया नव्हतो. चांगल्या घरच्या बाईनं तमाशा बघू नये, असं आपल्याला शिकवलं. गाणारी वाईट आणि न बघणारी चांगली, अशी बायांचीच दोन घरं करून टाकली. आपण तिच्या ऐकणाऱ्या असतो, तर तिच्या म्हातारपणाची विचारपूस कदाचित आपणच केली असती.

आज कडुबाई खरात यांचं नाव इथं बसलेल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. नवऱ्यामागं लेकरांना घेऊन, हातात एकतारी घेऊन त्या गावोगाव भीमगीतं गात फिरल्या, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून घरोघर पोचल्या. त्यांना मोठं कुणी केलं? कुठल्या कंपनीनं आधी केलं नाही. बायांनी एकमेकींना पाठवून केलं. ऐकणाऱ्यांची ताकद ही अशी असते.

ऐकणाऱ्यांना जग वेडं म्हणतं, हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. ७ फेब्रुवारी १९६४ ला इंग्लंडचा बीटल्स नावाचा चार पोरांचा बँड न्यूयॉर्कला उतरला तेव्हा हजारो पोरी किंचाळत, रडत जमल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली. पुढं १९८६ मध्ये बार्बरा एरनराइक आणि त्यांच्या दोन सहकारी लेखिकांनी लिहिलं, की पोरींनी सोज्वळ राहायचं असतं या शिस्तीविरुद्धचं ते पहिलं उघड बंड होतं. आज आपल्या हिंगोलीच्या कॉलेजातल्या पोरींच्या वहीवर कोरियातल्या बीटीएस या सात पोरांच्या बँडची नावं असतात. २०१३ पासून हा बँड गातोय. २०२२ च्या डिसेंबरपासून ते एकेक करून सक्तीच्या लष्करी सेवेत गेले, जून २०२५ पर्यंत सगळे परत आले, आणि जगभरच्या पोरींनी तेवढी वर्षं वाट पाहिली. २०२० च्या जूनमध्ये या बँडनं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आंदोलनाला दहा लाख डॉलर दिले, तर चाहत्यांनी जेमतेम एका दिवसात तेवढेच आणखी गोळा केले. या वेड्या पोरींना संघटना बांधता येते, बरं का. आयांनो, पोरीच्या हातातून मोबाइल हिसकण्याआधी एकदा विचारा, "काय ऐकतेस? मलाही ऐकव." अभ्यास, झोप, अनोळखी माणसाशी बोलणं, यावर बोलायचं ते बोलाच. पण तिच्या आवडीला थेर म्हणू नका. तो शब्द आपल्यालाही कुणीतरी म्हटला होता.

आता जरा टोचणारं. जीव लावायचा म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. आपल्या आवडीची पार्टी आठ वाजता रमाईच्या कष्टाचं गाणं गाते, ऐकताना आपण रडतो. आणि साडेनऊला तीच पार्टी दुहेरी अर्थाचं गाणं काढते, पुढची पोरं शिट्ट्या मारतात, आपण मान खाली घालतो. मग करायचं काय? उठून जायचं? पार्टीच सोडून द्यायची? इतक्या वर्षांचं नातं असं तोडून टाकावं असं मला वाटत नाही. हक्कानं बोलावं असं वाटतं.

आमच्या भागातल्या एका गावात बायांनी जे केलं ते सांगते. गायन पार्टीत बक्षिसाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीवर नाव, फर्माईश आणि सोबत नोट, स्टेजवर पोचवायची. गायक नाव पुकारतो, "अमुकअमुक साहेबांकडून एकशे एक रुपये!" सगळी रात्र साहेबांचीच नावं. त्या वर्षी बचत गटाच्या बायांनी पाच-पाच रुपये काढले, एक्कावन्न केले आणि एका पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली. गायकानं माईकवर वाचलं, "महिला बचत गटाकडून एक्कावन्न रुपये, आणि फर्माईश आहे सावित्रीबाईंच्या गाण्याची." मागच्या अंधारातून अशा टाळ्या आल्या की पुढचे पुरुष माना वळवून बघायला लागले. थोड्या वेळानं दुसरी चिठ्ठी गेली. त्यात लिहिलं होतं, "दादा, आम्ही तुम्हाला पंधरा वर्षांपासून ऐकतो. बायांना खाली बघायला लावणारं गाणं आज म्हणू नका." ही चिठ्ठी त्यानं मोठ्यानं वाचली नाही. खिशात ठेवली. पण ते गाणं त्या रात्री झालं नाही. कार्यक्रम संपल्यावर तो बायांच्या बाजूला आला आणि म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही ऐकताय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्याला खरंच माहीत नव्हतं. आपण बोललोच नाही तर गाणारा शिट्टी वाजवणाऱ्यालाच श्रोता समजणार.

म्हणून काही कामं सुचवते. जमतील तेवढी घ्या.

जयंती असो, सप्ताह असो, उरूस असो, मंडळाच्या नियोजनाच्या बैठकीला गटातल्या दोघी तरी जा. कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू करा असं सांगा, किंवा त्या दिवशी पुरुषांनी भाकरी थापाव्यात असं सांगा. दोन्हीपैकी काय सोपं ते त्यांनी ठरवावं. बायांची बसायची जागा स्टेजच्या समोर अर्धी मागा, उजेडात. संडास-मुतारीची सोय आणि पाण्याची टाकी पोस्टर छापायच्या आधी ठरू द्या. बक्षिसाची चिठ्ठी आपल्या नावानं पाठवा, कुणाची पत्नी म्हणून नको. गायिका बोलावली तर तिची बिदागी आधी हातात पडते का, तिची राहायची सोय सुरक्षित आहे का, हे गटानं बघावं. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडात असलेली गाणी, ओव्या नातवंडांच्या मोबाइलमध्ये भरून घ्या, त्यांचं नाव आणि गाव सांगून. बाई गेली की तिच्यासोबत अख्खी वही जाते.

आणि कुणी हात उगारला, मोबाइल फोडला, कोंडून घातलं, तर ते किरकोळ समजून गिळू नका. १८१ हा महिलांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे, तो पाठ करा. संरक्षण अधिकारी कोण आहे ते विचारून ठेवा. अर्जात जे जे मोडलं ते ते लिहायला लावा, गाण्यांचं कार्डसुद्धा.

मला विचारतील, बायांना पाणी नाही, रोजगार नाही, आणि तुम्ही गाण्याचं काय घेऊन बसलात? मी म्हणते, रात्री दोन तास स्वतःच्या आवडीसाठी घराबाहेर बसायचा हक्क ज्या बाईनं घेतला, ती ग्रामसभेत पाण्यासाठी उभी राहायला कचरत नाही. तिनं अंधारातून उजेडात यायची सवय केलेली असते.

माझं बोलणं पुरे. आता माईक तुमचा आहे. एकेकीनं या, आधी स्वतःचं नाव सांगा, मग आपल्या आवडीच्या गाणाऱ्याचं, आणि किती वर्षांपासून ऐकताय ते. घाई करू नका. आज घरी भाकरी दुसरं कुणीतरी थापतंय.